उकेनाबाईंच्या डोक्यावरचं लढाऊ विमान

हवाई झुंजीचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: समोरच्याच्या मागे जा आणि त्याला आपल्या मागे येऊ देऊ नका. हेच वाक्य मी साठ पानांत लिहून काढलं, आकृत्या घातल्या आणि आमच्या हवाई झुंज मंडळाच्या प्रत्येक सभासदाला एकेक प्रत दिली. सभासद सात. सातवा मी. उरलेल्या सहांपैकी पाच जणांनी पुस्तिका वाचली. तेव्हापासून हे पाचही जण झुंज रंगात आली की एकविसाव्या पानावरची आकृती आठवत बसतात आणि आठवता आठवता समुद्रात जाऊन पडतात. म्हणजे मी जिंकतो. लेखकाचा यापेक्षा मोठा गौरव काय असणार?

सहावा हार्म ओल्टमन्स. त्याने पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. तो मला दर वेळी पाडतो.

हार्म कोण, हे सांगितल्याशिवाय माझा अपमान किती मोठा ते कळायचं नाही. हा गृहस्थ एकतीस वर्षं एम्स नदीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर होता. ताशी चार किलोमीटर. जोर केला तर पाच. बोलणंही त्याच वेगाचं. उलट मी लेअर गावच्या वजनमापे कार्यालयात वरिष्ठ निरीक्षक. दुकानदारांचे काटे आणि पेट्रोल पंपांची मापं तपासून सील लावणं हे माझं काम. ग्रॅमचा फरक मला नुसत्या नजरेनं कळतो. आणि असा माणूस गाळ उपसणाऱ्याकडून पाडला जातो, तेही चाळीस सेकंदांत!

मार्चमध्ये तेच झालं. आमच्या 'एम्सतीर हवाई झुंज मंडळा'ची (नोंदणीकृत) साप्ताहिक झुंज दर रविवारी दुपारी तीन वाजता असते. प्रत्येक जण आपापल्या घरी संगणकासमोर बसतो, कानांना हेडफोन लावतो आणि एकमेकांच्या जिवावर उठतो. मी हार्मवर वरून झेपावलो. आकृती अगदी पुस्तिकेतली. तो हळूच बाजूला झाला, मी त्याच्यापुढे निघून गेलो, आणि मागून आवाज आला, "मोइन."

मोइन म्हणजे आमच्याकडचा नमस्कार. सकाळी चालतो, संध्याकाळी चालतो, लग्नात आणि मयतालाही चालतो. पण गोळ्या घातल्यावर माणसाला नमस्कार करायचा? हे फक्त गाळवाल्यालाच सुचणार.

पराभवाची कारणं दोन प्रकारची असतात. काही आपल्यात असतात, काही खुर्चीत. मी खोलवर विचार केला आणि माझ्या खुर्चीत दोष आढळला. तिला चाकं होती. ऐन वळणात डावा पाय विमान वळवायच्या पेडलवर जोरात दाबला की खुर्ची मागे पळायची. त्या दिवशी तर मी पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेलो होतो. कोणता वैमानिक झुंजीच्या मध्यात पुस्तकांच्या कपाटाला टेकतो?

"चाकं काढ मग, मेनो," माझी बायको थेडा म्हणाली. ती विणत होती. लोकर विणताना माणसाला जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सोपी दिसतात.

चाकं काढली. खुर्ची इतकी खाली गेली की माझी हनुवटी टेबलाच्या कडेला लागू लागली. खुर्चीखाली लाकडी पाट ठेवले, तर ती झुलू लागली. हा प्रकार तळमजल्यावरच्या डिर्क्सच्या कानांवर गेला. हे डिर्क्स चाळीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होते. दुसऱ्याच्या हातात चाक आणि आपल्या पायाखाली ब्रेक, अशा अवस्थेत आयुष्य गेलेला माणूस निवृत्त झाला की कसा होतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने आमच्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहावं.

"उल्फर्ट्स, तुमचं मूळच चुकतंय," ते म्हणाले. "खुर्ची हवीये कशाला? सीट हवी. गाडीची. माणसाला धरून ठेवणारी."

"मला धरून ठेवायची गरज नाही."

"कपाटापर्यंत गेला होतात ना?"

थेडा सगळ्यांना सगळं सांगते.

डिर्क्सच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. त्याच्याकडे एका मासेवाल्याच्या मोडीत निघालेल्या गाडीची सीट मिळाली. अडतीस किलो. काटा माझाच होता, तेव्हा शंका नको. ही सीट आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर चढवत असताना पहिल्या मजल्याच्या वळणावर ती जिन्यात आडवी अडकली. वरही जाईना आणि खालीही येईना. डिर्क्स खालून सूचना देत होते, "डावीकडे घ्या! आता माझ्या डावीकडे!" तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि उकेनाबाई बाहेर आल्या. त्या चर्चच्या गायनवृंदाला निघाल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ काठीसारखी ताठ.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कॉकपिट," मी सीटच्या मागून म्हणालो.

"हेरिंग माशाचा वास येतोय."

त्या परत आत गेल्या. तो सराव त्यांचा बुडाला, आणि वर्षभर त्यांनी ते जिन्यात भेटेल त्याला सांगितलं.

सीट बसली. वास आजही आहे. तरी एप्रिलमध्ये हार्मने मला पाडलं. मे महिन्यात दोनदा पाडलं. आता सीटला दोष देता येईना, तेव्हा मी अधिक खोल विचार केला.

हवेत वळताना दांडा ओढला की विमान वळतं. आणखी ओढला की ते थरथरू लागतं. त्याहून ओढला की पंखांखालची हवा सुटते आणि वेग मरतो. वेग मेलेलं विमान म्हणजे दुकानाबाहेर टांगलेली पाटी. कोणीही आरामात मागून यावं आणि वाचावं. खऱ्या वैमानिकाला ती थरथर बुडाला कळते आणि तो हात सैल सोडतो. मला काय कळणार? माझ्याखाली मासेवाल्याची गादी! म्हणून मी सीटखाली बसवायचं थरथर यंत्र मागवलं. विमान कापलं की सीट कापणार, गोळी सुटली की सीट धडधडणार. ते जमिनीच्या फळ्यांना बोल्टने आवळायचं असतं.

घर भाड्याचं. मी कायदा पाळणारा माणूस, तेव्हा घराची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीकडे रीतसर अर्ज केला. 'बसवायच्या वस्तूचे स्वरूप' या रकान्यात खोटं कसं लिहिणार? मी लिहिलं: 'एक आसनी लढाऊ विमानाचा कॉकपिट.' बारा दिवसांनी उत्तर आलं. राहत्या घरात वाहन ठेवण्यास करारानुसार मनाई आहे. सदर वाहनात इंधन असल्यास ते तात्काळ काढून कळवावे. मी तीन पानी खुलासा पाठवला. त्यावर उत्तर आलं की खुलासा मिळाला, परंतु इंधनाबाबतचा रकाना कोरा आहे.

थेडाला हसू आवरेना. "लिही ना, इंधन म्हणून हेरिंग."

दरम्यान मी यंत्र आवळून टाकलं. तात्पुरतं.

आणि पहिल्याच रविवारी, सव्वातीन वाजता, दार वाजलं. दारात उकेनाबाई. हातात बशी, बशीत कप.

आमच्या मुलखात चहा ही थट्टेची गोष्ट नाही. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, मग चमच्याने कडेकडेनं सोडलेली साय. ती साय ढगासारखी वर येते. ती पाहायची, आणि प्यायचं. ढवळायचं नाही. चहा ढवळणाऱ्या माणसाला आमच्याकडे मुलगी देत नाहीत.

"माझा चहा ढवळला गेलाय," उकेनाबाई म्हणाल्या.

"कोणी ढवळला?"

"तुम्ही. वरून."

मी कपात डोकावलो. ढग नव्हता. एकसारखा तपकिरी चहा, कचेरीतल्या यंत्रातून येतो तसा. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ती कबूल केलीच पाहिजे असं थोडंच आहे?

"बाई, हे कंपनामुळे झालंय असं सिद्ध कोणी केलं?"

"चमच्याला मी हातसुद्धा लावला नाही, उल्फर्ट्स," त्या म्हणाल्या. "ऐंशी वर्षांत लावला नाही."

त्यांनी तक्रार केली. कंपनीकडून रेंकनबाई नावाच्या अधिकारी आल्या, सोबत कंपनं मोजायचं यंत्र. उकेनाबाईंच्या चहाच्या टेबलावर त्यांनी ते मांडलं. माझी नजर सवयीनं यंत्राच्या मागच्या बाजूला गेली, आणि काळजात कारंजं उडालं. सील! तपासणीचं सील दोन वर्षांपूर्वीच संपलेलं!

"या यंत्राने घेतलेलं कोणतंही माप ग्राह्य नाही," मी जाहीर केलं. कलम सांगितलं, पोटकलम सांगितलं. रेंकनबाईंनी यंत्र पेटीत घातलं. मी विजयी मुद्रेनं वर आलो.

"झालं मिटलं?" थेडाने विचारलं.

"पळवून लावली."

"ती परत येईल," थेडा म्हणाली. "आणि आता चिडून येईल."

थेडाची ही एक वाईट सवय आहे. ती बरोबर असते.

दुसरं यंत्र आलं ते माझ्याच कार्यालयातून तपासून, ताजं सील लावून. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लावलेलं. 'पहिल्यापेक्षा चौपट नाजूक आहे रे,' असं त्याने मला कौतुकानं सांगितलंसुद्धा. सोबत पत्र होतं. मोजणी वादग्रस्त वेळीच, म्हणजे रविवारी तीन वाजता, थरथर यंत्र नेहमीप्रमाणे चालू असताना होईल. काटा एकदा जरी लाल रेघेपलीकडे गेला तरी संपूर्ण सामान चौदा दिवसांत काढावं लागेल.

तारीख पाहिली. त्याच रविवारी मंडळाच्या वार्षिक स्पर्धेची अंतिम झुंज होती. त्या वर्षी उपांत्य फेरीत माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या मांजरीने वायर ओढली आणि मी जिंकलो होतो. अंतिम झुंज अर्थातच हार्मशी.

त्यातून हार्मच्या गावात कोणीतरी खोदकाम करताना त्याची इंटरनेटची तार तोडली. मंडळाच्या घटनेप्रमाणे अंतिम झुंज पुढे ढकलता येत नाही. हे कलम मीच घातलेलं. तेव्हा रविवारी पावणेतीनला हार्म माझ्या दारात उभा, काखेत लॅपटॉप, एका हातात जुनी जॉयस्टिक.

"मोइन," तो म्हणाला. बूट काढले, लोकरी मोज्यांवर स्वयंपाकघरात गेला आणि साध्या लाकडी खुर्चीवर बसला. पेडलं नाहीत. थरथर नाही. थेडाने त्याला केक दिला, मला दिला नाही. म्हणे, तुझे हात चिकट होतील.

मग रेंकनबाई वर आल्या. "एकोणीस वर्षांत मी रविवारी कामाला आले नव्हते," त्या म्हणाल्या. माझ्या थरथर यंत्राचा जोर कमीजास्त करायची कळ त्यांनी पाहिली, नेहमीच्या जागी आहे याची खात्री केली आणि तिच्यावर कागदी सील चिकटवलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या काट्यांना सील लावत आलो. माझ्या कळीला सील! खाटकाला सुरी लागावी तसं झालं.

"आता नेहमीसारखं उडा," त्या म्हणाल्या आणि खाली उकेनाबाईंकडे गेल्या. खिडक्या उघड्या होत्या. खालून कपबशीचा आवाज येत होता. चहा ओतला जात होता.

तीन वाजले. तीन हजार मीटरवर आम्ही समोरासमोर आलो आणि एकमेकांना ओलांडून गेलो. इथे मी नेहमी काय करतो? दात-ओठ खाऊन दांडा ओढतो. हातानं तो ओढलाही. सीट कापू लागली, आणि खालून झाडूच्या दांड्याने छतावर ठक ठक झालं. उकेनाबाई!

मी घाबरून हात सैल सोडला.

विमान थरथरायचं थांबलं. वेग होता तसा राहिला. मी पुन्हा ओढला, पण जपून, सीट कुजबुजेल इतपतच. वळण मोठं झालं, तेव्हा मी वर चढलो. वर गेल्यावर मान वळवून खाली पाहिलं, आणि हार्म खाली दिसला. त्याची पाठ दिसली. तीन वर्षांत मी हार्मची पाठ पाहिली नव्हती. मला वाटायचं, त्याला पाठच नाही.

मी अलगद खाली उतरलो. चहावर साय सोडावी तसा.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे?"

झुंजीत हार्म बोलला! तो डावीकडे वळला, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ही त्याची जुनी चाल. समोरच्याने प्रत्येक वळणाला त्वेषाने वळावं आणि पुढे निघून जावं. याच चालीत मी अकरा वेळा मेलो होतो. पण त्वेषाने वळलो तर सीट कापणार, सीट कापली तर काटा हलणार. म्हणून मी त्याच्या मागे न वळता पुन्हा थोडा वर गेलो, वाट पाहिली आणि पुन्हा उतरलो. हार्म समोर. दीडशे मीटर. त्याच्या शेपटीवरचा आकडा वाचता येत होता.

"एक नाही, दोन नाही, बसला की मागे," हार्म स्वयंपाकघरात स्वतःशी म्हणाला. केक खायचा थांबला होता.

बोट दांड्यावरच्या घोड्यावर गेलं, आणि थांबलं.

गोळीबाराची धडधड ही या यंत्राची सगळ्यात मोठी. ती सुरू झाली की काटा लाल रेघ ओलांडणार यात शंका नव्हती. सीट जाणार, पेडलं जाणार, वर्षभराची खटपट जाणार. नाही झाडली तर? तर हार्म केव्हातरी निसटणार आणि मी पुन्हा एकदा मोइन ऐकणार. खाली अगदी शांत होतं. ऐंशी वर्षांची एक बाई कपातला ढग पाहत बसली होती. समोर हार्मची पाठ होती.

मी घोडा दाबला.

घर हादरलं. खाली काहीतरी पडलं. दिवा झुलला. कपाटातून पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती धपाधप खाली आल्या. माझ्या गोळ्या ओळीनं सुटल्या, चमकत गेल्या, हार्मच्या डावीकडून गेल्या, मग वरून, मग उजवीकडून. मी त्या पाहत राहिलो. खरं सांगतो, सुंदर दिसत होत्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माणसाच्या मागे कसं जायचं याचा मी तीन वर्षं अभ्यास केला, पण मागे गेल्यावर नेम कसा धरायचा हे मला येतच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. बारा सेकंदांत गोळ्या संपल्या. या बारा सेकंदांत वेगाकडे लक्ष नव्हतं. मी हार्मच्या शेजारून, नव्या नवरीच्या वरातीसारखा, दिमाखात पुढे निघून गेलो.

मागून एक छोटी सर आली. दोन-तीन गोळ्या असतील.

"मोइन," स्वयंपाकघर म्हणालं.

थेडा दारात आली. "जिंकलास?"

"नाही."

"मग एवढा आवाज कशाला केलास?"

जिन्यात पावलं वाजली. आधी रेंकनबाई आल्या, हातात यंत्रातून निघालेला कागद. त्यांनी मला तो दाखवला. लाल रेघ कागदाच्या मध्यावर होती, आणि माझी रेघ कागद सोडून गेली होती. "चौदा दिवस," त्या म्हणाल्या. मग उकेनाबाई आल्या, तुटका कान हातात घेऊन. कपाचा. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या सरळ हार्मपाशी गेल्या.

"तुम्ही पाडलंत ना यांना?"

"हो."

"आभारी आहे," त्या म्हणाल्या, आणि थेडाने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांनाही केक मिळाला. त्या दिवशी माझ्या घरात फक्त मलाच केक मिळाला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी हार्म सीट उतरवायला आला. मी बोलावलं नव्हतं. थेडाने कळवलं होतं. डिर्क्स खाली उभे राहून सूचना देत होते, आणि सीट पुन्हा पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकली. हार्मने डिर्क्सचं काही ऐकलं नाही. त्याने सीट हळूच मागे घेतली, थोडी वर उचलली, थांबला, आणि ती आपोआप फिरून सुटली.

आम्ही तिच्यावर दम खात बसलो. म्हणजे मी खात होतो.

"मेनो," तो म्हणाला, "रविवारी मला भीती वाटली."

"कसली?"

"तू मागे होतास तेव्हा. मिनिटभर होतास. म्हणजे बराच वेळ." बोलता बोलता तो भिंतीकडे पाहत होता. "बोट बंद झाली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कशाची भीती वाटली नव्हती. घरी कोणी नाही. कसली भीती वाटणार? मंडळात बाकीचे तर स्वतःच पाण्यात पडतात. रविवारी बरं वाटलं."

यावर काय बोलायचं ते माझ्या साठ पानांत नव्हतं. मी म्हणालो, "नेम चुकला."

"फार चुकला. पुढचं विमान जिथे आहे तिथे मारत होतास. ते जिथे असणार, तिथे मारायचं." हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण असावं. "माझ्याकडे ये. तार जोडली त्यांनी. तुला दाखवतो. लाकडी खुर्ची आहे एक जास्तीची. उद्या?"

गाळ उपसणाऱ्या माणसाने वरिष्ठ निरीक्षकाला शिकवायचं! माझा चेहरा मी शक्य तितका गंभीर केला.

"डायरी पाहावी लागेल," मी म्हणालो.

डायरी खिशातच होती. मी ती काढली, चष्मा लावला, आणि तिथेच मासेवाल्याच्या सीटवर बसून सावकाश पानं उलटली. तीनची झुंज सोडली तर उद्याचा रविवार कोरा होता. त्यापुढचा कोरा होता. त्याच्यापुढचाही. हार्म शांतपणे बसला होता. या माणसाला वाट पाहता येते.

"बसवतो कसंतरी," मी म्हणालो.